कासोझीच्या उताराचा अधिकृत टायर

रबराचा एक स्वभाव आहे, आणि तो बदलणे आजवर कोणालाही जमलेले नाही. जे रबर रस्त्याला धरते ते झिजते, आणि जे झिजत नाही ते रस्त्याला जुमानत नाही. मऊ टायर घ्यावा तर वर्षाच्या आत त्याचा गोटा होतो. कठीण घ्यावा तर तो तीन-चार पावसाळे सहज टिकतो, मालक टिकेलच असे नाही. (बऱ्याच नात्यांचेही असेच असते, पण नाती बदलून देणारी दुकाने अजून निघालेली नाहीत.) या दोन टोकांच्या मधे कुठेतरी योग्य टायर असतो, असे शहाणी माणसे सांगतात. शहाणी माणसे बहुधा चारचाकीतून हिंडतात.

हा मधला टायर शोधून काढण्याचे काम कंपाला शहरातल्या कासोझी टेकडीवरच्या बोडावाल्यांनी हाती घेतले, आणि ज्या पद्धतीने ते तडीस नेले ती पद्धत इतरांनीही अभ्यासण्यासारखी आहे. बोडा म्हणजे भाड्याची मोटरसायकल. भाव ठरवायचा, मागे बसायचे आणि देवाचे नाव घ्यायचे. बोडावाले जिथे उभे राहतात त्या जागेला स्टेज म्हणतात. स्टेज म्हणजे झाडाखाली उभ्या केलेल्या चार मोटरसायकली, असे ज्यांना वाटते त्यांना राज्यकारभारातले काही कळत नाही. कासोझीच्या स्टेजवर एक फणसाचे झाड, एकतीस सभासद, अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, शिस्तमंत्री आणि संरक्षणमंत्री होते. परक्या बोडावाल्याला फणसाच्या सावलीत गिऱ्हाईक घेऊ न देणे हे संरक्षणमंत्र्याचे काम, आणि त्याचे सैन्य म्हणजे तो स्वतः आणि त्याचा आवाज. या झाडाखालून ज्याला काढले त्याला शहरात दुसरीकडे उभे राहता येत नसे, कारण प्रत्येक झाडाखाली दुसरे सरकार होते. एवढे लक्षात घेतले म्हणजे सेम्पाला समजून घेणे सोपे जाईल.

सेम्पा हा या सरकारचा साधा सभासद. त्याला जुळी मुले होती, म्हणून तिकडच्या रिवाजाप्रमाणे लोक त्याला सालोंगो म्हणत आणि त्याच्या बायकोला, नाबोसाला, नालोंगो. जुळ्यांच्या आईबापांना त्या मुलखात मोठा मान. (मानाचा उपयोग असा, की उधार मागितले तर समोरचा आधी पदवी लावतो आणि मग नाही म्हणतो.) नाबोसाचा अंड्यांचा धंदा होता. रोज सकाळी टेकडीवरच्या पोल्ट्रीतून अंड्यांचे ट्रे घेऊन, ते मांडीवर रचून ती सेम्पाच्या मागे बसे, आणि खालच्या नाक्यावर चपातीत आम्लेट गुंडाळून विकणाऱ्यांना ते पोचवी. मधला उतार होता तो असा: वर डांबर, खाली तांबडी माती, आणि या दोघांची गाठ बरोबर वळणावर. पावसात त्या गाठीवर उभा असलेला माणूससुद्धा आपोआप नाक्यावर पोचे.

सेम्पाचा पुढचा टायर गोटा झाला होता. नक्षी कशी होती हे आठवायलाही त्याला डोळे मिटावे लागत. पावसाळा तोंडावर आलेला, म्हणून त्याने पैसे साठवले होते, दुकान ठरवले होते आणि दोन वेळा जाऊन एक मऊसा टायर अंगठ्याने दाबूनही बघितला होता. सोमवारी तो घ्यायचा होता. रविवारी स्टेजची सभा भरली.

सभेला कारण घडले होते. त्या आठवड्यात वळणावर कासोझीचे तीन बोडे आडवे झाले होते. नुकसान पुढीलप्रमाणे: मुख्याध्यापिका एक (किरकोळ), लग्नाचा केक एक (संपूर्ण), बोकड एक (पळून गेला). मुख्याध्यापिका बाईंनी सगळ्या शाळेला सांगितले, केकवाल्यांनी सगळ्या वऱ्हाडाला सांगितले, आणि गिऱ्हाईक खालच्या चर्चजवळच्या स्टेजकडे वळू लागले. अध्यक्ष म्झे वालुसिंबी (वडीलधाऱ्याला तिथे म्झे म्हणतात, आणि अध्यक्षाला तो तरुण असला तरी म्हणतात) प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठले आणि म्हणाले की, प्रत्येक जण मनाला येईल तो टायर लावतो, हेच सगळ्याचे मूळ आहे. यापुढे स्टेजचा एकच अधिकृत टायर असेल. तो पकडीलाही चांगला असेल आणि टिकायलाही. तो ठरवायला समिती नेमण्यात येत आहे, आणि समितीचा निर्णय होईपर्यंत कोणीही परस्पर नवा टायर घेऊ नये, कारण त्यामुळे निर्णयावर परिणाम होईल. टाळ्या पडल्या.

सेम्पा उठला. "म्झे, माझा पुढचा पार गोटा झालाय. उद्याच घेणार होतो."

"मग बरं झालं आजच सभा घेतली," वालुसिंबी म्हणाले. "घाईघाईत भलताच घेऊन बसला असतास."

"पण तोवर काय करू?"

"तोवर जपून चालव, सालोंगो. गाडी काय तू आज चालवायला लागलास?"

सगळे हसले. सेम्पाही हसला आणि खाली बसला. सभेत एकट्याने न हसणे हा कासोझीत गुन्हा नव्हता, पण शिस्तमंत्री बघून ठेवत असे.

घरी नाबोसाने सगळे ऐकून घेतले. ती जेवणाची कच्ची केळी सुरीने सोलत होती, आणि केळी सोलताना ती सहसा रागावत नसे.

"म्हणजे सगळ्यांचं एकमत होईस्तोवर मी गोट्यावर बसायचं?"

"ठराव झालाय गं."

"बरं. मग उद्या वळणावर ब्रेक नका मारू. ठराव वाचून दाखवा. बघू थांबते का गाडी."

सेम्पाने मधला मार्ग काढला. उतार लागला की तो दोन्ही पाय खाली सोडून ते रस्त्याला घासत गाडी उतरवू लागला. त्याच्या पायात जुन्या ट्रकच्या टायरमधून कापलेल्या चपला असत, तिकडे त्यांना लुगाबिरे म्हणतात. अशा रीतीने गाडीच्या चाकाला जो टायर नव्हता तो सेम्पाच्या पायाला होता, आणि ठरावात पायांचा उल्लेख नव्हता. आठ-दहा दिवसांत चपलांच्या टाचा संपल्या.  नाबोसा मागून गाठीच्या अलीकडे त्याचा शर्ट मुठीत धरी, आणि ती मूठ पाठीला लागली की सेम्पा पाय आणखी जोरात घासी. त्याला तिची काळजी वाटत नव्हती असे कोणी म्हणू नये. त्याला ती रोज सकाळी, पोल्ट्रीपासून नाक्यापर्यंत, भरपूर वाटत असे.

इकडे समितीत दोन पक्ष पडले. कठीण पक्षाचा पुढारी खजिनदार कागवा, स्टेजवरचा सर्वांत वयस्कर माणूस. त्याच्या पुढच्या टायरवर त्याच्या दोन मुली लग्न होऊन सासरी गेल्या होत्या आणि टायर अजून माहेरीच होता. टायर म्हणजे संसार, तो टिकला पाहिजे, असे त्याचे म्हणणे. मऊ पक्षाचा पुढारी डेरिक. हा वयाने लहान, काळा चष्मा लावणारा, उभ्या गाडीवरही वळण घेतल्यासारखा बसणारा. त्याचे म्हणणे असे की, टायर रस्त्यावरून उचलताना चर्र असा आवाज आला पाहिजे.

"मग गोंद लाव की चाकाला!" कागवा म्हणाला. "लाव फणसाचा चीक आणि बस चिकटून झाडालाच."

"म्झे, तुमचा टायर टिकतो कारण तुम्ही गिऱ्हाईकच घेत नाही," डेरिक म्हणाला. "दिवसभर सावलीत उभा टायर झिजेल कसा? मी पण घरात बसलो तर माझ्या चपला नातवंडं घालतील."

"तुला आधी बायको तरी मिळू दे, मग नातवंडांचं बघू."

समितीच्या अशा पाच बैठका झाल्या आणि चर्चेची पातळी कुठेही खालावली नाही.

शेवटी शास्त्रीय चाचणी घ्यायचे ठरले. पकड मोजायची कशात, हा प्रश्न होता. डेरिकने फुटांत सुचवले, पण कोणाच्या पायाचा फूट यावर मतभेद झाले. तेव्हा अध्यक्षांनीच अंडे हे एकक सुचवले. अंडे सर्वांना ठाऊक असते, ते पक्षपात करत नाही, आणि फुटले की फुटल्यासारखे दिसते. डेरिकच्या गाडीवर नवा मऊ टायर, उपाध्यक्षाच्या गाडीवर नवा कठीण टायर, दोघांच्या मागे एकेक ट्रे बांधायचा, जोरात ब्रेक मारायचा आणि फुटलेली अंडी मोजायची. जितकी अंडी कमी तितकी पकड जास्त. (जोरात थांबणाऱ्या गाडीवर उलट जास्त अंडी फुटतील, अशी शंका एकाने काढली. त्याला पुढच्या बैठकीला बोलावले नाही.) अंडी नाबोसाची होती. हे समाजकार्य आहे, असे तिला कळवण्यात आले.

चाचणी वळणावर घ्यावी असे सेम्पा हळूच म्हणाला. पण वळणावर गाड्या घसरतात, चाचणीत कोणाला लागले तर जबाबदार कोण, असा मुद्दा निघाला, आणि चाचणी स्टेजसमोरच्या सपाट, कोरड्या डांबरावर, ऊन पडलेले बघून घेण्यात आली. निकाल असा: मऊ टायर, फुटलेली अंडी शून्य. कठीण टायर, फुटलेली अंडी शून्य. अध्यक्षांनी तपासताना फोडलेली अंडी, दोन. यावरून दोन्ही टायर उत्कृष्ट असल्याचे सिद्ध झाले आणि निर्णय आणखी अवघड झाला. मधल्या काळात पहिला पाऊस येऊन गेला, पण तो गुरुवारी आला आणि बैठक शुक्रवारी होती.

खरे उत्तर काय, हे इथे सांगून टाकायला हरकत नाही, कारण ते कासोझीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. पुढे मऊ, मागे कठीण. ब्रेक मारला की भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून पकड तिथे हवी. झिजते मागचे चाक, म्हणून टिकाऊपणा तिथे हवा. पकड आणि आयुष्य यांचा मेळ तो हाच, आणि बोडावाले पिढ्यान्‌पिढ्या तो आपापल्या बुद्धीने घालत आले होते. समितीत हे अध्यक्षांना ठाऊक होते, डेरिकला ठाऊक होते, आणि खुद्द कागवालाही ठाऊक होते. ज्ञानाचा तुटवडा कुठेच नव्हता.

अडचण मानाची होती. दोन्ही टायर घ्यावेत, एक पुढे एक मागे, इथवर तडजोड आली तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मग पुढे कोणाचा, असा प्रश्न निघाला. कठीण टायर कागवाचा आणि कागवा वयाने वडील. मऊ टायर डेरिकचा आणि डेरिक अजून बिनलग्नाचा. त्या मुलखात तरुण माणूस वडीलधाऱ्याच्या पुढे चालत नाही. दारातून आत जाताना नाही, मयताला नाही, जेवायच्या पंगतीत तर नाहीच नाही. तिथे कागवाचा टायर मागे आणि डेरिकचा पुढे, हे एकतीस माणसांच्या देखत, दिवसाढवळ्या, रस्त्याने फिरवायचे कसे? सगळ्यांनी डेरिककडे बघितले. डेरिकने काळा चष्मा काढला, पुसला आणि खाली मान घालून म्हणाला, "म्झेंचा पुढे असू दे."

कागवाचे डोळे भरून आले. त्याने उठून डेरिकला मिठी मारली. दोन महिने एकमेकांवर गुरगुरणारी माणसे फणसाखाली एकमेकांच्या गळ्यात पडली, आणि हा सोहळा ज्यांनी पाहिला त्यांना टायरचे विसरायला झाले. पुढे कठीण, मागे मऊ, हा कासोझीचा अधिकृत टायर ठरला. पुढचा घसरतो आणि मागचा लवकर झिजतो, म्हणजे दोन्ही टायरांचे दोष या पद्धतीत बरोबर सारखे वाटले गेले, आणि समतोल म्हणतात तो याहून निराळा काय असतो? सगळ्यांनी एकाच दुकानातून एकाच दिवशी खरेदी केली. नव्या टायरांना सोडाबाटली शिंपडली, गाड्या रांगेत लावल्या, फोटो काढला. सेम्पा मागच्या रांगेत डावीकडे आहे, तो हसतो आहे.

घरी त्याने नाबोसाला गाडी दाखवली. तिने खाली वाकून पुढच्या टायरला नख लावले. नख उमटले नाही.

"हा पुढे का लावलात?"

"कागवाचा आहे."

"आणि मागे कोण बसतं?"

 रात्रीतून पुढचा टायर बदलून टाकावा असे सेम्पाच्या मनात आले. पण सकाळी शिस्तमंत्री फेरी मारून टायर दाबून बघणार होता, आणि झाडाखालून काढले तर जुळ्यांच्या शाळेचे काय, केळ्यांचे काय, असा सगळा विचार त्याने केला. तो विचार चुकीचा होता असे म्हणता येत नाही. त्याने फक्त नव्या चपला घेतल्या.

मंगळवारी पहाटे पाऊस पडून गेला होता. डांबर संपले, मूठ पाठीला लागली, सेम्पाने पाय सोडले आणि समोरून एक गाय आली. त्याने ब्रेक दाबला. पुढचे चाक वडीलधाऱ्यासारखे कोणाचेही न ऐकता सरळ निघून गेले. गाडी एकीकडे, सेम्पा दुसरीकडे, आणि नाबोसा उजव्या खांद्यावर, ट्रे घट्ट धरून, कारण ट्रे सोडायचे तिच्या हाताला ठाऊकच नव्हते. सगळी अंडी फुटली. तांबड्या चिखलात पिवळा बलक पसरत गेला आणि सेम्पा त्यातून रांगत तिच्याजवळ गेला. ती शुद्धीवर होती. खांद्याजवळचे हाड मोडून कातडीखाली वर आले होते, आणि ते बघून सेम्पा लहान मुलासारखा मोठ्याने रडला. गाय उभी राहून बघत होती. नाबोसाला नाक्यावरच्या दवाखान्यात नेले ते चर्चजवळच्या स्टेजच्या बोडावाल्याने.

कासोझीने या प्रकाराची तातडीने दखल घेतली. रविवारी चौकशी झाली. चौकशीची रीत मोकळी होती, सर्वांना बोलू दिले. टायर ठरावाप्रमाणे होता का? होता. हवा बरोबर होती का? होती. दोन्ही टायर अपघातानंतरही सुस्थितीत आढळले, पुढच्यावर तर ओरखडाही नव्हता, हे खजिनदार कागवाने स्वतः हात फिरवून दाखवले. म्हणजे टायरचा दोष नाही. चालकाने दोन्ही पाय खाली सोडले होते, म्हणजे चालकाचाही दोष नाही. (याहून अधिक माणूस काय करणार?) गाय सभासद नव्हती. उरला प्रवासी. मागे बसणाऱ्याने बसण्यापूर्वी टायर नीट बघून घ्यावेत, ही त्याचीच जबाबदारी आहे, असा निष्कर्ष निघाला, आणि तशी पाटी झाडावर लावावी असा ठराव मांडण्यात आला.

"सालोंगो, तुझं काही म्हणणं?" वालुसिंबींनी विचारले. विचारताना त्यांचा आवाज खरोखरच मऊ होता. "तुझ्या घरचं माणूस आहे. तू म्हणशील तर थांबवू."

सेम्पाने वर फणसाकडे बघितले, मग एकतीस गाड्यांकडे बघितले. एकेक करून तीस हात वर गेले. मग एकतिसावाही गेला. स्टेजच्या इतिहासात इतके संपूर्ण एकमत पूर्वी झाले नव्हते, असे अध्यक्ष म्हणाले, आणि सगळ्यांनी वर्गणी काढून नालोंगोसाठी अननस आणि साखर पाठवली.

घरी नाबोसा भिंतीला टेकून बसली होती. उजवा हात गळ्यात बांधलेला. अननस तिने बाजूला ठेवायला सांगितला.

"काय ठरलं?"

सेम्पाने सांगितले. काही गाळले नाही.

"तुम्ही हात वर केलात?"

"सगळ्यांनी केला."

"मला नाही करता येत," नाबोसा म्हणाली, आणि डाव्या हाताने केळी सोलायला लागली. सेम्पा तिच्या हातातली सुरी घ्यायला पुढे झाला. तिने दिली नाही.

पाटी अजून झाडावर आहे. अक्षर सुरेख आहे, ती वाचूनच लोक भाव ठरवतात आणि बसतात. आजवर एकाही प्रवाशाने खाली वाकून टायर बघितलेला नाही. सेम्पाच्या मागे आता बहुधा अनोळखी माणसेच बसतात, कारण नाबोसा ट्रे डोक्यावर घेऊन उतार पायी उतरते.

तुम्हाला सेम्पाचा राग आला असेल. यायलाच हवा. गोष्ट चालू असताना मधेच कुठेतरी, बहुधा ते हाड मोडले तेव्हा, आपल्याही गाडीचा पुढचा टायर एकदा बघायला हवा, असे तुमच्या मनात येऊन गेले. मुलगी त्याच गाडीवर मागे बसून क्लासला जाते. गाडी खालीच उभी आहे आणि वाकायला फार वेळ लागत नाही. पण आत्ता चप्पल कोण घालणार, रविवारी निवांत बघू, असे तुम्ही ठरवलेत. घरात कोणीही विरोध केला नाही. ठराव एकमताने मंजूर.